रीनाच्या खोलीचा रंग

दिवा जरा पुढं सरकवा, म्हणजे एकमेकांची तोंडं दिसतील. घाबरू नका हो, गोष्ट साधीच आहे. खोलीला रंग द्यायची.

घोडेगावच्या पेठेत दलीचंद शेठजींचं कापडाचं दुकान. शेठजी गेल्यावर दुकान मुलगा अरिहंत बघायचा आणि घर त्याची आई, कंचनबाई. अरिहंतची सहा वर्षांची रीना म्हणजे आजीचा जीव की प्राण. पण पोरीला दमा. छातीत सारखी शिट्टी वाजायची. तिची आई दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेलेली, त्यामुळं ती शिट्टी ऐकत उशाशी बसणं कंचनबाईंच्याच वाट्याला आलं. डॉक्टर म्हणाले, खोलीच्या भिंतींना ओल आहे, आधी तिचं काहीतरी करा. म्हणून भिंतींना लाकडी फळ्या मारायचं ठरलं.

आता जैनाघरचं काम ते. कंचनबाईंनी बजावलं, "किडीचं लाकूड नको. त्याला औषध मारा, जीव मरणार. माझ्या नातीच्या खोलीत ते पाप नको." गोकुळ सुतार डिंभे धरणाकडचा, रंगकामही तोच करायचा. तो म्हणाला, "बाई, आमचं जुनं घर धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सांगाडा उघडा पडतो. सागाच्या फळ्या हायेत, काढून आणतो. बुडालेल्या लाकडाला कीड लागत न्हाई." बाईंना पटलं. कुणालाही पटलं असतं.

आषाढात फळ्या बसल्या, जमिनीपासून छतापर्यंत. मग रंग निवडायला सगळे शेड कार्डावर वाकले. अरिहंतला गुलाबी हवा, कंचनबाईंना मोतिया, गोकुळ आपला पिस्त्यावर अडून बसलेला. रीनाला विचारलं तर ती नुसती फळ्यांकडं बघत राहिली. शेवटी गोकुळनं तिन्ही रंगांचे उभे पट्टे मारले. म्हणाला, "वाळल्यावर उजेडात बघा आन् सांगा."

सकाळी बघतात तर पट्ट्यांची खालची टोकं गायब! सुतानं आखल्यासारखी आडवी रेघ, चारी भिंतींवर एका उंचीला. रेघेच्या वर रंग खडखडीत वाळलेला आणि खाली नुसतं काळंशार लाकूड. ओलं दिसायचं, पण हात लावावा तर कोरडं ठणठणीत. गोकुळनं डोकं खाजवलं, परत रंग मारला. दुसऱ्या दिवशी तोही गेला, वर रेघ वीतभर चढलेली. अरिहंत म्हणाला, डब्यातच खोट आहे. नवा डबा आला. त्याचीही तीच गत.

गोकुळ सणाला गावी जाऊन आला आणि खोलीच्या उंबऱ्यातच थबकला. आत पाऊल टाकेना.

"बाई… धरण भरतंय. आमच्या घरात गुडघाभर पाणी झालंय." रेघेकडं बोट करून तो पुटपुटला, "एवढंच."

ब्रश, डबे तिथंच टाकून तो जो गेला, तो परत आलाच नाही.

कंचनबाईंनी खोलीला कडी घातली. अरिहंतला म्हणाल्या, दुसरा सुतार बघ, या फळ्या उतरव. तो बरं म्हणाला. पण त्याच संध्याकाळी, दिवे लागायच्या आत जेवणं आटोपली आणि रीनाचा श्वास कोंडला. असा कधीच कोंडला नव्हता. ओठ निळे पडले, डोळे फिरले. दम्याचा पंप दाबला तर रिकामा. अरिहंत जीप आणायला धावला. पोरगी आजीच्या मांडीवर तडफडत होती आणि बोट दाखवत होती त्या बंद दाराकडं.

काय करणार म्हातारी? बुडत्याला काडीचा आधार. कडी काढली, पोरीला आत नेलं आणि रेघेच्या खाली जमिनीवर निजवलं.

शिट्टी थांबली.

कंचनबाईंना वाटलं, संपलं. हंबरडा फोडायला तोंड उघडलं, तर रीना त्यांच्याकडं बघून हसत होती. ओठांवर लाली आलेली. आणि तिच्या सुटलेल्या वेण्या… केस हळूहळू जमिनीवरून उचलले गेले, पसरले, संथ डोलायला लागले. फ्रॉकची झालर वर तरंगली. खिडकीतून अजून उजेड येत होता हो! सगळं लख्ख दिसत होतं. बाईंनी तिच्या छातीवर हात ठेवला. आत काळीज टकटक चाललेलं, पण छाती हलत नव्हती. खाली नाही, वर नाही.

त्याही वाकल्या. कान रेघेखाली गेला मात्र, पेठेतला सगळा गलबला बंद झाला. गाळाचा आणि भाताच्या तुसाचा वास आला. कुठंतरी लांब गुरांच्या घंटा, कुणीतरी दळत होतं, एक बाई हलक्या आवाजात पोराला निजवत होती. अख्खं गाव नांदत होतं तिथं. कंचनबाईंचे हात आपोआप जोडले गेले. णमो अरिहंताणं पुटपुटल्या. इतकी भीती त्यांना कधी वाटली नव्हती, आणि इतकं निवांतही.

"दादी," रीना म्हणाली, "रंग नका ना लावू."

"का गं बेटा…?"

"मग त्यांना आपण दिसणार नाही."

फळ्या राहिल्या तशाच, बिनरंगाच्या. अरिहंत चिडला, ओरडला, पण पोरगी जिवंत बघून त्यानं फळ्यांना हात लावला नाही. भादव्यात रेघ छताला टेकली. रीना त्या खोलीत निजायची, खेळायची, शिट्टीचं नाव नाही. डॉक्टर म्हणाले, वयानुसार सुटतो दमा कधीकधी. म्हणा बापडे.

पण धरण भरतं तसं उतरतंही. कालव्याला पाणी सुटलं, रेघ खाली यायला लागली आणि कंचनबाई रोज ती वितीनं मोजायला लागल्या. रीना पलंगावरून गादीवर आली, गादीवरून फरशीवर. वैशाखात एका दुपारी रेघ जमिनीत उतरून दिसेनाशी झाली. बाई नवा पंप मुठीत धरून धावत आत गेल्या.

पोरगी खोलीच्या मधोमध एका पायावर उड्या मारत ठिक्कर खेळत होती.

"रिनू… दम लागतोय का गं?"

"नाही. श्वास मी त्या बाळ निजवणाऱ्या काकूंकडंच ठेवलाय. त्या म्हणाल्या, आम्ही सांभाळू."

कंचनबाईंनी पंप कपाटात ठेवून दिला. पोरगी वाढली, हायस्कुलात गेली, पळण्याच्या शर्यतीत पहिली यायला लागली. कधी दमली नाही. देवानं दिलं म्हणायचं आणि गप्प बसायचं, असं बाईंनी ठरवून टाकलं.

मग एका पौषातल्या सकाळी त्या गॅलरीत उभ्या होत्या. कडाक्याची थंडी. खाली मैत्रिणींचा घोळका हसत-खिदळत शाळेला निघालेला. बोलेल त्या मुलीच्या तोंडून पांढरी वाफ निघत होती. सगळ्यांत मोठ्यानं हसत होती ती रीना. तिच्या तोंडून मात्र काहीच निघत नव्हतं.

कंचनबाई धडपडत जिना उतरल्या. नातीला हाक मारून थांबवलं आणि स्वतःचा लोकरी मफलर तिच्या नाकातोंडावरून घट्ट गुंडाळला. "थंडी आहे बाई," त्या मैत्रिणींना म्हणाल्या, "लगेच बाधते हिला."