बोट तिचंच होतं

दोन हजार सालच्या डिसेंबरात पाटोद्याच्या आमच्या टायपिंग क्लासात संगणकाशेजारी एक लहानशी डबी बसली. ओळखीचं बोट टेकलं की तिचा हिरवा दिवा लागे आणि परवलीच्या शब्दाशिवाय संगणक उघडे. ती विकायला बीडहून आलेला बंकट म्हणाला, "शब्द कुणीबी ऐकतंय, म्याडम. बोट कोण चोरणार?"

माझी बायको गंगासागर हसली. "झोपलेल्या माणसाचं बोट कुणीबी टेकवील की. डोक्यातलं कसं काढचाल?"

शेवटी दोन्ही ठेवलं. आधी बोट, मग शब्द. शब्द चुकला तर, कुणी काय करून पाहिलं ते कळावं म्हणून, तो प्रिंटरवर छापला जाई. बोट तिचं आणि शब्दही तिचाच: 'कावून'. ती उमापूरची, 'का'ला 'कावून' म्हणे. 'का' म्हणावं हे मी तिला एकोणीस वर्षं शिकवत होतो. म्हणून तिनं मुद्दाम तोच ठेवला.

एप्रिलमध्ये तापानं ती गेली. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात; तिलाही दिली.

मे महिन्यात क्लासला सुट्टी. दुपारी मी आतून कडी लावून एकटाच बसे. एके दिवशी दोनच्या सुमारास हिरवा दिवा लागला. डबीजवळ कुणी नव्हतं. बाहेर रखरखतं ऊन, आणि खोलीत मात्र ओल्या मातीचा वास. कळा एकेक करून दबल्या. मग प्रिंटर किरकिरला. कागदावर उमटलं: उमापूर.

दुसऱ्या दिवशी, तुळजाबाई. तिच्या आईचं नाव.

ती यावी असं मला फार वाटत होतं. पण बोट तिचं आणि तिचाच शब्द ठाऊक नाही, तर येत होतं ते कोण? मी शब्द सांगणार नव्हतो. बदलणारही नव्हतो. ती खरंच आली, तर तिला अडायला नको.

आठवड्यानं बंकटला बोलावलं. दोन वाजता दिवा लागला तसा तो भिंतीला टेकला.

"सर… मोडून टाका हे."

"नाही."

"मग शब्द तरी बदला. बदलत कावून न्हाई?"

मी त्याच्या तोंडावर हात ठेवला, पण शब्द बोलून झाला होता. कळा दबायच्या थांबल्या. आपलं काय चुकलं ते बंकटला कळलंच नाही. पाणीही न पिता तो गेला.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची ओढून पडद्यासमोरच बसलो. दिवा लागला. कळा दबल्या. प्रिंटर गप्प राहिला.

कोरं पान उघडलं आणि त्यावर अक्षरं आली: तू इथे का बसतोस?

"ती मला अरे-तुरे करत नव्हती," मी म्हणालो. "आणि 'का' तर जन्मात म्हणाली नाही. क्लास तिचा आहे. मी उठणार नाही."

एकेक अक्षर मागून पुसलं गेलं. पान पुन्हा कोरं झालं.

मातीचा वास माझ्या कानापाशी आला. आणि पडद्यावर सावकाश, जपून, नवं पोर पहिला धडा गिरवतं तसं, उमटलं:

अवो…