तिसऱ्या टेकमधला पेला

खरं मानायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी शपथ घेणार नाही. पण हे माझ्याच घरात, भर दुपारी घडलंय. बायको साक्षीला आहे, आणि ती माझ्यासारखी भित्री नाही.

मी बेस गिटार वाजवतो. गाण्यात बेस असला की कुणाचं लक्ष जात नाही, नसला की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. संगीतकार कुठल्या कुठे बसलेले असतात. ते गाणं मेलवर पाठवतात, मी घरी वाजवून माझी फाइल परत पाठवतो. कित्येकांची तोंडंही मी पाहिलेली नाहीत.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. माझ्या खोलीत माइक नाही. गिटारची केबल थेट रेकॉर्डिंगच्या मशीनमध्ये जाते. शेजारी भिंत पाडली तरी फाइलमध्ये फक्त तारा वाजतात.

"बरंय तुझं," बायको म्हणते, "बायकोचा आवाज येतच नाही."

त्या मंगळवारी दुपारी तीनला मी एक गाणं वाजवायला घेतलं. सुरुवातीला चार मात्रा रिकाम्या सोडायच्या, मग वाजवायचं, ही आमची पद्धत.

पहिला टेक, म्हणजे पहिलं रेकॉर्डिंग, झाला. ऐकला.

रिकाम्या मात्रांमध्ये कुणीतरी… श्वास घेतला.

मी केबल बदलली. दुसरा टेक घेतला.

"एक… दोन… तीन…"

आवाज दादाचा होता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मला गिटार त्यानेच शिकवली. समोर बसून मोजायचा, पण तीनवर थांबायचा. "चार बोलायचा नसतो, वाजवायचा असतो," म्हणायचा. सहा वर्षांपूर्वी त्याची बोटं आखडली आणि वाजवणं सुटलं. दोन गल्ल्या पलीकडे एकटाच राहायचा.

मी तिसरा टेक घेतला.

"एक… दोन… तीन…"

आणि मग चारच्या जागी… स्टीलचा पेला पडला. खणकन. गोल गोल फिरत राहिला.

मी ऐकणं तिथेच बंद केलं आणि दादाला फोन लावला.

"बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरलीये? जेवून पडलो होतो, उठवलंस."

मला राहवेना. तसाच गेलो आणि त्याला दोन कपड्यांनिशी घरी घेऊन आलो. डोळ्यांसमोर राहील, एवढंच मनात होतं. वाटेत डॉक्टरांना दाखवलं. नाडी ठणठणीत होती. दादा डॉक्टरांना म्हणाला, "माझं राहू द्या, याचं डोकं तपासा."

घरातले सगळे स्टीलचे पेले मी माळ्यावर टाकायला लावले.

"वेड लागलंय तुला," बायको म्हणाली. पण टाकले तिने. आम्ही प्लास्टिकच्या मगातून पाणी प्यायला लागलो.

बुधवार गेला. गुरुवार गेला. दादा मजेत होता. फाइलमध्ये काय ऐकलं, ते मी त्याला सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार?

शुक्रवारी दुपारी मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होतो. दादाच्या गोळीची वेळ झाली होती. दादा माझ्या खोलीत होता, बायको पाणी घेऊन तिकडे गेली.

तेवढ्यात आतून आवाज आला.

"एक…"

मी सुरी टाकली.

"दोन…"

मी धावलो. दारात बायको उभी होती. तिच्या हातात पेला होता. स्टीलचा! दादाने तो स्वतःच्या पिशवीतून आणला होता, म्हणे दुसऱ्याच्या भांड्यातलं पाणी त्याला गोड लागत नाही. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"तीन…"

मी तिला बाजूला ढकललं.

पेला पडला. खणकन. गोल गोल फिरत राहिला.

दादा स्टुलावर बसला होता. मांडीवर माझी गिटार होती, आखडलेली बोटं तारेवर होती. मान खाली गेली होती.

तार वाजलीच नाही.

धक्का मी दिला होता. माझ्या घरात, माझ्या हाताने. दादाला मी आणलंच नसतं तर? वर्ष झालं, हाच प्रश्न मला खातोय. बायको म्हणते, जायची वेळ कुणाला चुकलीये? तिला बोलायला सोपं आहे.

आणि हो, त्या शुक्रवारी मशीन बंद होतं. केबलसुद्धा काढून ठेवलेली होती.

महिन्याभराने संगीतकाराचा फोन आला, "टेक पाठवतोस ना?" त्या मंगळवारनंतर मी पहिल्यांदाच ती फाइल उघडली. गाणं चार मिनिटांचं.

तिसरा टेक… एकोणीस मिनिटांचा.

मंगळवारी मी पेल्यापाशीच थांबलो होतो. पुढचं ऐकलंच नव्हतं. आता ऐकलं.

पेला फिरून थांबला. मग माझाच आवाज आला. "दादा… ए दादा, डोळे उघड ना रे…" मग बायकोचा हंबरडा, डॉक्टरांना केलेला फोन, जिन्यावरची पावलं. शुक्रवारी जसं घडलं, तसंच्या तसं. मंगळवारी घेतलेल्या टेकमध्ये.

सगळं ऐकलं असतं तर? हे माझ्याच घरात घडणार, हे कळलं असतं, दादाला आणलंच नसतं. निदान ढकललं तरी नसतं…

मग सगळे आवाज थांबले. बराच वेळ काहीच नव्हतं.

मग स्टूल करकरलं.

आणि दादाचा आवाज आला, अगदी शांत, मला शिकवताना असायचा तसा.

"एक… दोन…"

मी प्लगच उपटला.

फाइल अजून आहे. पुसायला हात धजत नाही, त्याचा आवाज दुसरीकडे कुठेच उरलेला नाही. बायकोने ती ऐकलेली नाही. मी तिला ऐकू देणारही नाही.

पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. दादा स्वतःसाठी कधीच मोजायचा नाही. समोर बसलेल्याने कधी सुरू करायचं, ते कळावं म्हणून मोजायचा.

आणि त्याच्या समोर नेहमी मीच बसायचो.