पायातलं पाणी

"हा लुबोवा म्हणजे डोक्याला ताप आहे नुसता!" रोलेक्सच्या, म्हणजे चपातीत गुंडाळलेल्या ऑम्लेटच्या, गाडीपाशी उभी राहून नबुकीरा फोनवर मैत्रिणीला सांगत होती. "कंत्राट पाठवलं की परत. एकाच कलमावर अडून बसलाय. खडूस म्हातारा असणार, दमेकरी—"

"दमा नाही मला," शेजारून आवाज आला. "बाकीचं... तुम्हीच बघा."

चपातीची वाट बघणारा उंच तरुण गालात हसत होता. नबुकीराचे कान तापले.

कंपालात दलदलीच्या कडेला मोठं व्यापारी संकुल उभं राहायचं होतं. ती मालकाची वकील, तो कंत्राटदाराकडे कागदपत्रं सांभाळणारा. जमिनीत काहीही निघो, जादा खर्च कंत्राटदाराचा, हे तिचं कलम. त्यावर त्याचा ठरलेला शेरा: मान्य नाही.

मग बैठकांवर बैठका. ती त्याला अदबीनं 'सेबो', साहेब, म्हणायची; तो तिला 'न्याबो', बाईसाहेब. तो भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी हळूच तिच्याकडे सरकवायचा, आणि तिचं कलम मात्र तिथंच! एक दिवस ती कडाडली, "खरं सांगा सेबो, मला भेटायला मिळावं म्हणून घोळ घालताय ना?"

"उलट! मला तर हे आजच संपायला हवंय."

"एवढा कंटाळा आलाय माझा?"

"समोरच्या पक्षाच्या वकिलाला..." तो अडखळला, "चहाला कसं विचारणार, न्याबो?"

तिचं पेन थांबलं. "मग... करा की सही."

"नाही. इमारतीच्या पायात पाणी लागलं तर आमची छोटी कंपनी बुडेल. तुमच्यासाठीसुद्धा नाही."

काय माणूस आहे! मनातलं सांगतो तेही हरकत घेतल्यासारखं! ती तणतणतच त्याच्यासोबत बांधकामाच्या जागेवर गेली. चाचणीसाठी खणलेला खड्डा काठोकाठ भरला होता. तिचा बूट चिखलात रुतला. लुबोवानं वाकून तो उपसून काढला.

"किती उपसला तरी खड्डा पुन्हा भरतो. तुमचे मालक बघून गेलेत."

"मालकांना माहीत आहे? आणि हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"दर पत्रात लिहिलंय! तुम्ही 'मान्य नाही'च्या पुढं वाचलंत कधी?"

त्या रात्री तिनं सगळी पत्रं शेवटपर्यंत वाचून काढली. दुसऱ्या दिवशी ती मालकासमोर उभी राहिली. "पाणी ठाऊक असून सगळा खर्च त्यांच्यावर ढकललात, तर कोर्टात हे कलम टिकणार नाही. खर्च निम्मा-निम्मा करा. नाहीतर दुसरा वकील बघा."

मालकानं आदळआपट केली, शेवटी ऐकलं.

सह्या झाल्या. जिन्यापाशी लुबोवा घुटमळला. "तर... म्हणजे... आता तशी काही हरकत..."

"अहो, एका कलमासाठी माझं डोकं खाल्लंत, आणि आता तोंडातून शब्द फुटत नाही?"

"भांडणं सोपं होतं..."

नबुकीरानं कपाळावर हात मारला. "चल!" म्हणत त्याची बाही धरली आणि ती तरातरा पायऱ्या उतरू लागली. मध्येच तिच्या लक्षात आलं— आपण 'चल' म्हणालो! त्याच्याही लक्षात आलं होतं. त्यानं बाही अलगद सोडवली, आणि हात तिच्या हातात दिला.