भामाच्या नावाचा किडा

"इंदुताई, बरणी गेली. भामाच्या नावाची."

एकनाथराव परांडेकरांचा फोन आला तेव्हा इंदुताई औसेकर गौलीगुड्याच्या घरात वांगी चिरत होत्या. विळी बाजूला सारून त्या उठल्या. भामा त्यांची शाळेपासूनची मैत्रीण. तिला जाऊन काही वर्षं झाली होती. एकनाथराव तिचा नवरा आणि आबिड्सच्या पोस्टामागे जी प्राणिसंशोधन संस्था आहे तिथले जुने संशोधक. निवृत्त झाले तरी रोज तिथे जाणारे.

"पोलिसांत जायच्या आधी बाहेरच्या कुणीतरी चौकशी करावी, असं संचालकांचं म्हणणं. मी तुमचं नाव सुचवलं. सरकारी वकिलीत उभा जन्म गेला तुमचा. शिवाय तुम्ही घरच्या."

घरच्या माणसाला चौकशीला बोलावण्यामागे दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे त्याच्यावर भरवसा असतो. दुसरं कारण इंदुताईंना त्या वेळी सुचलं नाही, आणि याचा राग त्यांना पुढे बरेच दिवस येत राहिला.

हैदराबादेत समुद्र नाही. हुसेनसागराला सागर म्हणायचं ही आपली हौस. तरीही या शहरातल्या एका खोलीत समुद्रातल्या किड्यांच्या शेकडो बरण्या स्पिरिट भरून ठेवल्या होत्या. त्यातल्या काही बरण्या वेगळ्या, कुलुपातल्या कपाटात असत. एखाद्या प्राण्याला पहिल्यांदा नाव देताना जो नमुना समोर ठेवतात, तो मूळ नमुना. पुढे कुणाला शंका आली, तर निवाडा त्याच्यापुढेच होतो. इंदुताईंना ते चटकन कळलं. खटल्यात मुद्देमाल असतो, तसंच हे.

गायब झालेला मुद्देमाल म्हणजे बोटभर लांबीचा एक रिबन वर्म, फितीसारखा चपटा समुद्री किडा. एकनाथरावांनी ऐन उमेदीत तो शोधला आणि त्याला बायकोचं नाव दिलं. मंगळसूत्रापेक्षा हा दागिना टिकाऊ, असं भामा सगळ्यांना सांगायची.

इंदुताई संस्थेत पोहोचल्या, तेव्हा संशय एकीवरच होता. तेजश्री बिरादार, एकनाथरावांच्या हाताखाली पीएचडी करणारी मुलगी. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"किल्ली तुझ्याकडे कधीपासून?"

"शनिवारी दुपारपासून, मॅडम. सरांनीच चाबी दिली. सोमवारी अलमारी उघडली तर जागा रिकामी."

"मध्ये उघडली नव्हतीस?"

"नै. रविवारी मी इकडं फिरकलेच नै."

"बरणी हवी कशाला होती?"

तेजश्रीनं डोळे पुसले. "मला एक नवी जात मिळालीय. मछलीपट्टणजवळच्या चिखलात. तिचं वर्णन लिहून पाठवलं, तर तपासणारे म्हणतात, परांडेकरांच्या किड्याशी ताडून बघा. आतून माझ्या किड्याचं घराणंच वेगळं आहे. पण वरून दोघांची डोकी सारखी दिसतात. मूळ नमुना बघितल्याशिवाय ते छापणार नैत."

"वरून फरक कशात?"

"शेपटीत. माझ्या किड्याला मागं बारीक शेपटी आहे. सरांच्या किड्याला नै, मागचं टोक बोथट. त्याच्या घराण्यात बाकी सगळ्यांना शेपूट, या एकट्याला नै. म्हणूनच तर ती वेगळी जात ठरली."

"आणि हे किडे धरतात कसे?"

"धरणं सोपं आहे, मॅडम. नीट मारणं अवघड. जिवंतपणी स्पिरिटात टाकला की बिथरून स्वतःचे तुकडे करून घेतो. म्हणून आधी औषधाच्या पाण्यात सुन्न करायचा, मग स्पिरिट. पूर्वी हे कुणी करत नव्हतं."

"नव्या किड्याला नाव काय देणार होतीस?"

"सरांचं. त्यांना सांगितलं नै अजून. छापून आल्यावर दाखवणार होते."

बरणी सापडली नाही, तर काय होईल हे इंदुताईंना विचारावं लागलं नाही. पीएचडी बुडणार, वर चोरीची केस. शेतं विकून शहरात आलेल्या घरातली ती पहिली शिकलेली पोर. तिला कायमचा बट्टा लागणार होता.

कपाटांची देखभाल करणारा रितेश हात बांधून उभा होता. तेजश्रीशी त्याचं पटत नाही, हे अख्ख्या संस्थेला ठाऊक होतं.

"हौ, नै पटत," तो म्हणाला. "मला पाहिजे होती ती जागा तिला मिळाली. म्हणून काय मी बरणी चोरीन?"

"दुसरी किल्ली कुणाकडे?"

"दुसरी नैच. एकच चाबी, सरांकडं राहते. माझ्याकडं फक्त खोलीची."

"शनिवारी बरणी कपाटात होती?"

"सर म्हणतात, होती. चाबी देण्याआधी त्यांनी स्वतः बघितली."

"तू बघितलीस?"

"मी कायकू बघू? ती अलमारी त्यांची."

"आणखी काही गेलंय इथून?"

रितेश हसला. "माझी स्पिरिटची बाटली. दाबली की धार येते, ती. शनिवारी सकाळपासून शोधतोय. पण तिची चौकशी कोण करतंय?"

इंदुताईंनी खोलीवर नजर फिरवली. भिंतीवर सरस्वतीची तसबीर होती आणि तिच्यापुढे विजेचा छोटा लाल दिवा.

"तेलाचा दिवा नाही लावत?"

"नक्को म्हणतात सर. स्पिरिट जिथं, तिथं ज्योत नै. दसऱ्याच्या पूजेलाही हाच बल्ब. मी एकदा उदबत्ती लावली तर सर माझ्याशी आठवडाभर बोलले नैत."

इंदुताई त्या दिव्याकडे पाहत राहिल्या. मग चष्मा पुसून बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला त्या अंबरपेठेत एकनाथरावांकडे गेल्या. चौकशीसाठी नव्हे, निदान तसं त्या स्वतःला बजावत होत्या. अंगणात तुळशीपाशी पणती तेवत होती. बैठकीत खुर्चीखाली डासांची कॉइल धुमसत होती. एकनाथरावांनी स्वतः चहा केला.

"पोरगी काही बोलली?" त्यांनी विचारलं.

"रडली."

"हुशार आहे. पण निष्काळजी. या वयात होतं." त्यांनी बशीत चहा ओतला. "फार ताणू नका, इंदुताई. हरवली म्हणून लिहा. अशा जुन्या गोष्टी हरवतातच."

चहा झाल्यावर इंदुताई सवयीनं देवघरापाशी गेल्या. भामाच्या वेळेपासूनचा तो रिवाज होता. देवांशेजारी भामाचा फोटो होता आणि त्याला ताजा हार होता. निरंजनातली वात मात्र कोरडी ठणठणीत. फोटोपुढे विजेचा लाल दिवा मिणमिणत होता.

"निरंजन नाही लावलं?"

"धुरानं खोकला येतो," एकनाथराव मागून म्हणाले.

खुर्चीखालच्या कॉइलचा धूर दोघांच्या मधून वर चढत होता. इंदुताईंनी नमस्कार केला. भामा गेली त्या दिवशीसुद्धा या माणसानं इथलं निरंजन विझू दिलं नव्हतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. घरी येऊन त्यांना जेवण गेलं नाही.

पुढच्या संध्याकाळी त्या पुन्हा तिथे आल्या, तेव्हा बरोबर तेजश्री आणि रितेश होते. एकनाथराव तिघांकडे पाहून जरा चपापले.

"बसा, एकनाथराव," इंदुताई म्हणाल्या. "चौकशी संपली. तुम्हाला सांगून मग अहवाल लिहीन."

"कोण निघालं?"

"सांगते. बरणीबरोबर रितेशची स्पिरिटची बाटलीही गेली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. तेजश्रीच्या हातून बरणी फुटली असती आणि तिनं ते लपवलं असतं, तर तिला स्पिरिट कशाला लागेल? तिला अडकवायला रितेशनं बरणी पळवली असती, तर त्यानं ती नाल्यात फेकली असती. ही चोरी करणाऱ्याला बरणी लपवायची होती, पण आतला किडा सुकू द्यायचा नव्हता. असा चोर बरणीचा वैरी नसतो."

रितेश खुर्चीत सरळ झाला.

"बाटली गेली शनिवारी सकाळच्या आधी. तेजश्रीला किल्ली मिळाली शनिवारी दुपारी. बाटली आणि बरणी एकाच हातानं गेल्या असतील, तर तेव्हा किल्ली एकाकडेच होती."

"मी शनिवारी बरणी पाहिली होती," एकनाथराव म्हणाले.

"हे फक्त तुम्ही म्हणता. दुसऱ्या कुणी पाहिलेली नाही." इंदुताई उठून देवघरापाशी गेल्या. "काल तुम्ही धुराचं कारण सांगितलंत, आणि कॉइल तुमच्याच खुर्चीखाली जळत होती. तुळशीपुढे पणती होती. घरात एकाच जागी तुम्ही ज्योत लावत नाही. जन्मभराची सवय आहे ती तुमची. चोरी करतानाही सुटली नाही."

त्यांनी भामाचा फोटो हळूच उचलला. मागे बुचानं घट्ट बंद केलेली काचेची बरणी होती, शेजारी ती दाबायची बाटली. बरणीत रंग उडालेला, सुतळीच्या तुकड्यासारखा किडा होता.

"सर?" तेजश्री एवढंच म्हणाली.

"आता कारण," इंदुताई म्हणाल्या. "ते तूच बघ. भिंग आहे ना तुझ्याजवळ? शेपटीकडचं टोक बघ."

तेजश्रीनं बरणी उजेडाला धरली आणि भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"टोक बोथट नै," ती हळू म्हणाली. "फाटलंय. खरं टोक असतं तर कातडी बंद असती. इथं आतडं उघडं आहे." तिनं भिंग खाली घेतलं. "हा अर्धाच किडा आहे. स्पिरिटात पडल्यावर तुटलेला. आपल्या किनाऱ्यावर नेहमी मिळतो, त्याचाच पुढचा तुकडा. ही वेगळी जात नैच. मग तिचं नावही टिकत नै."

मग एकनाथराव बोलले.

"तिनंच शोधला होता. भामानं. साडी खोचून चिखलात उतरली होती. मी तिथंच घाईनं स्पिरिटात टाकला, मागचा भाग तुटून वाहून गेला असणार. तेव्हा लक्षातच आलं नाही. तुम्ही लोक सुन्न करून मारायला लागलात, तेव्हा मनात पाल चुकचुकली. तुला दाखवायचा म्हणून मागच्या शुक्रवारी नीट पाहिला." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तिच्या मागे काय आहे? मूल नाही, बाळ नाही. जगात तिचं एक नाव होतं, तेही माझ्या चुकीवर. कुणी पाहिलंच नसतं, तर राहिलं असतं."

"आणि ही पोर?" इंदुताईंचा आवाज चढला. "हिचं काय राहिलं असतं?"

"मी तिला चोर म्हणालो नाही."

"नाही म्हणालात. ‘शनिवारी मी पाहिली’ एवढंच म्हणालात. वकिली केलीय मी, एकनाथराव. माणूस बुडवायला एवढं वाक्य पुरतं. आणि मला का बोलावलंत? भामाची मैत्रीण, डोळ्यांवर कातडं ओढेल म्हणून?"

उत्तर त्यांना आता नकोच होतं. एवढ्या वर्षांचा जिव्हाळा घटकाभरात आंबला, याचंच त्यांना वाईट वाटत होतं.

तेजश्रीनं बरणीचं बूच काढलं. आतलं स्पिरिट थोडं उतरलं होतं. तिनं बाटली दाबून ते काठोकाठ भरलं आणि बूच परत घट्ट बसवलं.

"नव्या किड्याला मी तुमचं नाव देणार होते, सर," ती म्हणाली. "ते आता नै देणार."

एकनाथरावांनी मान खाली घातली.

"पण शुक्रवारी तुम्ही मला नुसतं सांगितलं असतं ना, तर मी त्याला काकूंचं नाव दिलं असतं. एका घराण्यात एक नाव दोनदा चालत नै, पण त्याचं घराणं वेगळं, हे नाव तिथं बसलं असतं. आणि तो अख्खा आहे, सर. शेपटीसकट."

एकनाथरावांनी झटकन वर पाहिलं. "तेजश्री, मग अजूनही..."

"किनाऱ्याचं नाव देते," ती म्हणाली आणि बरणी छातीशी धरून बाहेर पडली. रितेश आपली बाटली उचलून तिच्यापुढे धावला आणि त्यानं तिच्यासाठी फाटक उघडलं.

इंदुताईंनी भामाचा फोटो जागेवर ठेवला, विजेचा दिवा बंद केला आणि काडेपेटी एकनाथरावांच्या हातात दिली.

"स्पिरिट गेलं इथून," त्या म्हणाल्या. "आता लावा निरंजन."

त्या फाटकापाशी पोहोचल्या, तेव्हा तुळशीपुढे पणती जळत होती. वळून पाहिलं, तर देवघरात अजून अंधारच होता.