ऑरिनने न मारलेली हाक

ही घडलेली गोष्ट आहे. माझा मामा गस लिंडक्विस्ट तेव्हा कॅमेऱ्यामागे उभा होता, आणि मामा थापा मारणारा माणूस नव्हता.

साल १९२१. हॉलिवूडमधला एक उघडा सेट. वेळ रात्रीची नव्हती... लख्ख दुपार होती.

ऑरिन डीकिन कालपर्यंत पडद्यावरचा देखणा नायक. म्हातारे दिग्दर्शक व्हॉस अंथरुणाला खिळले, तशी ऑरिनने मालकांचे कान भरून त्यांची खुर्ची पटकावली. व्हॉस लवकरच गेले.

सेटवर कुणी त्याच्याशी धड बोलेना. तोही सगळ्यांवर खेकसायचा.

सिनेमा मुका. कॅमेरा चालू असतानाच दिग्दर्शक कर्ण्यातून सूचना द्यायचा.

नायिका झेल्मा किट्रेज उंच गच्चीच्या सेटवर उभी होती. खाली जाळी नव्हती.

"रड," ऑरिन ओरडला.

झेल्मा हसली.

गोड, लाजरं हसू...

"थांबवा. रड म्हटलं मी."

"हस म्हणालास की."

"कान तपासून घे."

"तू आधी तोंड सांभाळ," मामा म्हणाला. "मीही 'हस'च ऐकलं."

कॅमेरा पुन्हा सुरू झाला. नटांना भाव यावा म्हणून बाजूला एकजण व्हायोलिन वाजवत असे. त्याने मध्येच गज थांबवला.

शांतता...

झेल्माने मान वळवली. कुणीतरी हाक मारल्यासारखी. मग ती कठड्याकडे निघाली.

"थांब, झेल्मा."

ऑरिनला स्वतःचाच आवाज ऐकू आला नाही.

तो घसा ताणून ओरडला.

काहीच नाही...

मामा निवांत कॅमेऱ्याचं हँडल फिरवत होता.

झेल्माने कठडा ओलांडला.

ती खाली पडली, पाय मोडला, पण वाचली. दुसऱ्या दिवशी ऑरिन दवाखान्यात गेला, तोही भांडायच्या तयारीनेच.

"उडी मारायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"तूच. 'ये राणी, मी झेलतो' म्हणालास." तिचे डोळे भरून आले. "इतकं मायेनं तू कधी बोलला नव्हतास माझ्याशी. म्हणून तर आले."

"मी थांब म्हणत होतो."

ती काही बोलणार, तोच गप्प झाली. त्याच्या चेहऱ्याकडे बघत कान देऊन ऐकू लागली.

ऑरिनने ओठ घट्ट मिटले. वरून हात दाबून धरला.

"हो," झेल्मा हळूच म्हणाली. "आलेच."

आणि तिने प्लॅस्टरमधला पाय पलंगावरून खाली टाकला... खिडकीच्या बाजूला.

नर्स धावत येईपर्यंत ऑरिन तिला कवेत आवळून बसला होता. हे सगळं त्यानेच मामाला सांगितलं. त्याने दिग्दर्शन सोडलं. तो आवाज व्हॉसचा होता का, असं मी मामाला खूपदा विचारलं. मामाचं उत्तर एकच. आवाज ऑरिनचाच होता.

पुढे ऑरिन चारचौघांत तोंडच उघडेनासा झाला.

पण त्याने काय होणार होतं...

तो गप्प होता, तेव्हाच तर ती ऐकत होती.