एकदा वाजली तर ठीक

"तुमच्या पायाखाली माझा पाना आहे."

आवाज जमिनीतून आल्यासारखा आला. मी दचकले. हातातला डबा हलला आणि सुरमईचं कालवण माझ्या ओढणीवर सांडलं. बघते तर ट्रेलरखालून दोन पाय बाहेर आलेले… टाचांना वाळू, एका चपलेचा अंगठा सुतळीनं बांधलेला.

"पाना हवा तर माणसानं बाहेर यावं," मी म्हटलं.

"आलो असतो… पण मग तुमचा पाय हलेल ना."

मी पाना पायानंच आत ढकलला. जरा जोरात. खालून "अगं आई गं!" ऐकू आलं, आणि मागोमाग हसणं.

इद्रीसची आणि माझी ओळख झाली ती अशी. १९६७ सालचा हिवाळा होता. दुबईच्या खाडीकाठच्या त्या आवारात आदल्या दिवशीच बोटीतून एक नवंकोरं ट्रेलर उतरलं होतं. चाकांवरचं घरच ते — आत पलंग, चूल, मोरी, खिडक्यांना पडदेसुद्धा. जबल अलीच्या वाळूत तेल शोधणाऱ्या साहेबांना त्यात राहायचं होतं. ते नेणारा ड्रायव्हर बाणकोटचा इद्रीस, आणि तपासून ताब्यात घेणारे माझे बाबा.

बाबा म्हणजे जयगडचे खैरुद्दीन तांडेल. वीस वर्षं मचवा हाकून ते इथे कंपनीत लागले होते. आई गेल्यावर त्यांनी मलाही आणलं. पण वर्षभरापासून त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कंपनीच्या साहेबाला कळलं असतं, तर पुढच्या बोटीनं आमची घरी रवानगी होती. म्हणून मी डबा घेऊन यायची आणि बाबांच्या बाजूला उभी राहायची. बाबा हात लावतील त्या वस्तूकडे मी बघायची. ठीक असेल तर हातातल्या बांगड्या एकदा वाजवायच्या, खोट असेल तर दोनदा. वर्षभर कोणाला संशय आला नव्हता.

त्या दिवशीही तसंच चाललं होतं. बाबांनी टायरवर थाप मारली. बांगड्या एकदा. दाराची कडी ओढली. एकदा. मागच्या चाकाशी मात्र मला एक नट अर्ध्यावर दिसला. मी दोनदा वाजवल्या.

"इद्रीस, इथला नट सैल आहे," बाबा म्हणाले.

खालचे पाय थांबले. मग इद्रीस बाहेर आला. उंच, उन्हानं रापलेला, कानावर अर्धी विडी. त्यानं नट पाहिला, बाबांकडे पाहिलं… आणि मग माझ्या मनगटाकडे. मी हात ओढणीखाली घेतला.

नट आवळून झाल्यावर त्यानं पाना चाकावर एकदाच टण्‌कन वाजवला.

मग त्यानं ट्रक मागे घेतला. ट्रकच्या पाठीवर ग्रीस फासलेली एक जाड लोखंडी थाळी होती. ट्रेलरची पुढची खुंटी त्या थाळीच्या खाचेत शिरली आणि जबडा खाड्‌कन मिटला.

"याला पाचवं चाक म्हणतात," इद्रीस म्हणाला.

"चाक? हे तर फिरतही नाही धड."

"वळणावर फिरतं. जोडीनं जायचं तर कुणीतरी थोडं वळायला नको का?"

"बाणकोटची माणसं बोलण्यातच वळतात, असं ऐकलं होतं."

"आणि जयगडच्या मुली पाने फेकतात, असं मी आज ऐकवणार आहे सगळ्यांना."

बाबा खाकरले. इद्रीस मुकाट्यानं केबिनमध्ये चढला. मागचे दिवे बघायला मला उभं केलं.

"आता कुठला लागला?"

"डावा."

"आता?"

"दोन्ही."

"आणि आता?"

"एकही नाही!"

"बरोबर. मी काही दाबलंच नव्हतं… तुम्ही अजून आहात का, ते बघत होतो."

मी ओढणी तोंडात धरली, तरी हसू बाहेर सांडलंच.

तेवढ्यात ट्रेलर मागवणाऱ्या एजंटचा माणूस अन्वर कागद घेऊन आला. "झालं ना, चाचा? नवा माल आहे. सही करा, यल्ला, खलास!"

बाबांनी कागद घेतला आणि वाचल्यासारखा डोळ्यांसमोर धरला. मला अक्षर येत नव्हतं, पण वरचं बोटीचं चित्र खाली गेलेलं मला दिसलं. कागद उलटा होता! घाबरून मी बांगड्या दोनदा वाजवल्या. बाबा गोंधळले. कागद तसाच हातात, आणि दुसऱ्या हातानं ते ट्रेलर चाचपायला लागले… खोट कुठे आहे ते शोधत.

अन्वर मोठ्यानं हसला. "चाचा, कागद उलटा आहे! दिसत नाही की काय तुम्हाला?"

बाबांनी कागद त्याच्या हातात परत दिला. मग ते म्हणाले, "सही पाण्यानंतर. आत पाणी भरा."

"आत?"

"नवा मचवा आम्ही आत पाणी भरूनच बघतो. बाहेर कुठे पाझरतं ते कळतं."

आता इद्रीससुद्धा हसला, पण अन्वरसारखा नाही. "तांडेलचाचा, मचवा उलटा धरा. इथे पाणी वरून ओतायचं आणि आत बघायचं."

"या मुलखात पाऊस किती, दोन दिवस?" अन्वर कुरकुरला.

"वाळू तर रोज आहे," इद्रीस म्हणाला. "पाणी शिरेल तिथून तीही शिरते."

आवारातला टँकर आला. नळी घेऊन इद्रीस छपरावर चढला. बाबा आणि मी आत शिरलो, दारं-खिडक्या लावून घेतल्या. आणि छपरावर पाऊस सुरू झाला…

इथे आल्यापासून तीन वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. आमच्या पडवीच्या पत्र्यावर अगदी असाच वाजायचा, आई असतानाचा. मला काही दिसेनासं झालं.

"बानू, कुठे गळतंय?"

"कुठेच नाही, बाबा. सगळं कोरडं आहे."

"गप्प…" बाबांनी हात वर केला. डोळे मिटले. "डाव्या अंगाला. खिडकीच्या वर. फळीच्या आत थेंब पडतोय."

खिडकीच्या काचेत वरून एक उलटं डोकं आलं. केसांतून पाणी निथळत होतं. "गळतंय का?"

"बाबा म्हणतात, भिंतीच्या आत."

"आणि तुमच्या गालावर?"

"ते… ते छपराचं नाही."

"माहीत आहे," तो हळूच म्हणाला.

अन्वरनं नाइलाजानं फळी उघडली. आतलं लाकूड ओलंचिंब. चांगल्या डोळ्यांनाही ते दिसलं नसतं.

"आता कागद उलटा दे नाहीतर सुलटा दे," बाबा शांतपणे म्हणाले. "मला दोन्ही सारखेच. साहेबांना मीच सांगतो."

त्यांनी खरंच सांगितलं. साहेब म्हणाला, मुंबईला जाऊन ऑपरेशन करून या. असे कान मला दुसरीकडे मिळायचे नाहीत. जागा राखून ठेवतो.

म्हणजे शुक्रवारची बोट. बाबा, आणि त्यांच्याबरोबर मी.

चार दिवसांत गळती बुजली. पुन्हा पाणी ओतलं, बाबांनी पुन्हा कान लावला. बाबा केबिनपाशी कागद घेऊन उभे राहिले, मी त्यांच्या बाजूला. इद्रीसनं ट्रेलरचे ब्रेक लावले आणि ट्रक जरासा पुढे ओढला. सगळा सांगाडा करकरला, पण जबडा सुटला नाही.

"हे कशाला?" मी विचारलं.

"जोडलं की एकदा ओढून बघायचं." तो खाली उतरला. चपलेला तीच सुतळी. "तुमची बोट शुक्रवारी सुटते… मलाही तेवढंच बघायचं आहे. सुटतं की राहतं." कानावरची विडी त्यानं उगाच हातात घेतली. "मला बोलणं जमत नाही. तुम्ही तुमच्या पद्धतीनंच सांगा. खोट असेल तर दोनदा."

"आणि नसेल तर?"

"एकदा. ते मला त्या दिवशी गाडीखालीच कळलं होतं."

वारा पडला होता. मी हात उचलला…

बांगड्या एकदा वाजल्या.

इद्रीस तसाच उभा राहिला. दुसऱ्यांदा वाजतात की काय म्हणून श्वास धरून. मी दुसऱ्या हातानं त्या घट्ट दाबून धरल्या.

"एकदाच ना?" बाबांनी कागद पुढे केला. "इद्रीस, मग तुझं बोट ठेव इथे. सही कुठे करायची ते दाखव."