विरोधात किती हात?

कॉलरवर इस्त्री फिरवता फिरवता हॅरिएट एकदम बोलून गेली, "आर्लो, आज सातव्या कलमाला माझा हात वर जाणार नाही!"

आर्लो बुटाची नाडी बांधायचा थांबला. आयोवातल्या त्यांच्या लहानशा जिल्ह्यात पक्षाच्या अधिवेशनाचा अध्यक्ष गेली अठरा वर्षं तोच. 'विवाह एक पुरुष आणि एक स्त्री यांचाच' हे जाहीरनाम्यातलं सातवं कलम दर दोन वर्षांनी तो वाचून दाखवी आणि जमलेली सगळी मंडळी, बहुतेक त्यांच्याच चर्चची, हात वर करीत. हॅरिएटसुद्धा! नऊ वर्षांपूर्वी एकुलत्या एका लेकाने, जोएलने, "माझं एका मुलावर प्रेम आहे" म्हणून सांगितलं, आर्लोने त्याचं नाव घरात काढायचं नाही असं बजावलं, त्यानंतरही... नवऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून ती माउली हात वर करत राहिली आणि तळघरात, धुण्याच्या मशीनच्या आवाजाआड, व्याकूळ होऊन लेकाशी फोनवर बोलत राहिली.

"जूनमध्ये जोएलचं लग्न आहे. मी जाणार."

"लोक काय म्हणतील, कळतंय का तुला?"

"नऊ वर्षं तेच तर ऐकतेय रे!"

अधिवेशनाला शाळेच्या व्यायामशाळेत सव्वाशे माणसं जमली होती. कलम वाचून झालं, हात वर झाले. "विरोधात?" हे आर्लो नेहमी केवळ रीत म्हणून विचारी आणि मान वर न करता पान उलटी. आज त्याने मान वर केली. तिसऱ्या रांगेत एकच हात होता, हॅरिएटचा...

"अगं, चुकून वर गेला का?" शेजारची विल्मा कुजबुजली.

"इतकी वर्षं चुकून जात होता, विल्मा."

हाच हात आपण आजवर आपल्या बाजूने मोजत आलो! आर्लोच्या मनात आलं. त्याने अध्यक्षाची हातोडी सचिवापुढे ठेवली. "अध्यक्षाला मत नसतं. तेव्हा पुढचं तू सांभाळ." तो खाली उतरला, बायकोशेजारी बसला आणि त्याने हात वर केला.

"दोन," सचिव चाचरत म्हणाला.

"माझाही मोज," विल्माचा म्हातारा नवरा गुरगुरला. "नात आहे माझी तशी. डोळे काय वटारताय सगळे?"

नऊ हात झाले. कलम मंजूर झालंच. पण गाडीत बसताच आर्लोने हॅरिएटचा फोन मागून घेतला आणि जोएलला लावला.

"आई? बोल ना... बाबा नाहीत ना जवळ?"

आर्लोने फोन कानाशी घट्ट धरला. "आहे रे... बाबाच बोलतोय. ठेवू नकोस, पोरा!"

पलीकडून कितीतरी वेळ शब्द आला नाही. पण फोन ठेवल्याचा आवाजही आला नाही...